औषधी जिन्नसांचा स्वयंपाक-संच: खल उत्तम, पुस्तिकेचा निम्मा भाग सुधारण्याजोगा

औषधी गुणांसाठी परंपरेने ओळखल्या जाणाऱ्या जिन्नसांचे तयार संच हल्ली ऑनलाइन विकत मिळतात. त्यांपैकी एक संच मी गेले काही महिने रोजच्या स्वयंपाकात वापरत आहे. दगडी खल-बत्ता, बारीक जाळीची चाळणी, हळकुंडे, सुंठ, काळी मिरी, दालचिनी, मेथी, जवस, बडीशेप आणि ज्येष्ठमध यांच्या आठ काचेच्या बरण्या आणि एक सचित्र पुस्तिका असे त्याचे स्वरूप आहे. अशाच घडणीचे संच अनेक उत्पादक काढतात आणि पुढील बहुतेक मुद्दे त्या सर्वांना लागू पडतात, म्हणून उत्पादकाचे नाव येथे दिलेले नाही. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर दोन आश्वासने आहेत: या संचामुळे स्वयंपाक ही मन शांत करणारी साधना होईल आणि अन्न हेच औषध होईल. पहिले आश्वासन हा संच माझ्या अपेक्षेपेक्षाही चांगले पाळतो. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र पुस्तिकेने जी काळजी घ्यायला हवी होती ती घेतलेली नाही, आणि विषय आरोग्याचा असल्यामुळे त्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

प्रथम खलाविषयी. तो ग्रॅनाइटचा आहे, चांगला जड आहे आणि कुटताना जागचा हलत नाही. आतला पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवलेला आहे, त्यामुळे दाणे बत्त्याखालून निसटत नाहीत. बाहेरून गुळगुळीत आणि आतूनही गुळगुळीत असे देखणे खल बाजारात पुष्कळ दिसतात, पण त्यांत मिरी कुटायला घेतली की दाणे गोल गोल फिरत राहतात. नव्या खलात दगडाची बारीक कच असते. ती काढण्यासाठी मूठभर कोरडे तांदूळ कुटून टाकून द्यावेत आणि पीठ स्वच्छ पांढरे येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे, अशी सूचना पुस्तिकेत ठळकपणे दिलेली आहे आणि ती अगदी योग्य आहे. पहिल्या खेपेचे पीठ करडे निघाले, तेव्हा ही पायरी गाळली असती तर हे सगळे आपल्याच पोटात गेले असते, हे लख्ख दिसले. साबण लावू नये, नुसत्या पाण्याने धुऊन पालथा न घालता उघडा वाळवावा, ही सूचनाही तितकीच उपयोगी आहे, कारण दगड साबणाचा वास धरून ठेवतो.

या संचाचा खरा कस हळकुंडापाशी लागतो. हळदीचे कंद काढल्यावर उकडून मग वाळवलेले असतात. उकडताना त्यातला स्टार्च शिजून चिकट होतो आणि वाळल्यावर शिंगासारखा टणक बनतो. त्यामुळे हळकुंड थेट कुटायला घेतले तर ते बत्त्याखालून उडून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाते. खलाच्या तोंडावर एका हाताचा तळवा आडवा धरायचा, बत्ता बोटांच्या बेचक्यातून आत सोडायचा आणि आधी जोर न लावता नुसते वजन पडू द्यायचे, ही रीत पुस्तिकेतील चित्रांत नीट दाखवलेली आहे. दोन-चार आघातांनंतर कंद कडकन तुटतो आणि आतला गाभा दिसतो: गडद नारिंगी, मेणासारखी चमक असलेला, कडेला किंचित फिकट. त्या क्षणी जो वास येतो तो दळलेल्या हळदीच्या डब्यातून मला कधीच आला नव्हता. त्यात मातीचा वास आहे, थोडा संत्र्याच्या सालीचा आहे आणि मागे मिरीसारखा तिखटपणा आहे. पुढे चाळणे आणि उरलेला रवा पुन्हा कुटणे हे काम चिकाटीचे आहे. एका छोट्या डबीपुरती हळद करायला बराच वेळ जातो. कुटताना दुसरे काही करता येत नाही. कानाला आवाजातला फरक कळू लागतो, तुकडे असताना येणारा ठक ठक आवाज रवा झाला की मऊ पडतो, आणि हात आपोआप आघात सोडून घासण्याकडे वळतो.

याच ठिकाणी पुस्तिकेचा सर्वांत चांगला भाग येतो. कुटण्यापूर्वी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, हात धुऊन थोडा वेळ नुसते उभे राहावे, ज्यांच्यासाठी आपण रांधत आहोत त्यांना आठवावे आणि मगच बरणी उघडावी, असे तिच्यात सांगितलेले आहे. अशा सूचना वाचताना सहसा भाबड्या वाटतात. या मात्र केल्यावर पटल्या, कारण त्यांना लागूनच नाकाचे शिक्षण दिलेले आहे. बडीशेप मंद आचेवर कोरडी भाजताना तिचे तीन वास ओळखायला लेखकाने सांगितले आहे. सुरुवातीला वाळलेल्या गवताचा वास येतो, मग एकाएकी गोडसर सुगंध पसरतो, आणि लक्ष ढळले तर त्याला जळकी कड लागते. दुसऱ्या वासावर भांडे आचेवरून उतरवायचे आणि दाणे लगेच थंड ताटलीत ओतायचे, कारण गरम भांड्यात ते आच बंद केल्यावरही भाजत राहतात. किती मिनिटे भाजावे हे कुठेही लिहिलेले नाही, आणि ते न लिहिण्यात शहाणपण आहे. दाण्यांतला ओलावा, भांड्याची जाडी आणि आच यांवर तो काळ बदलतो. घड्याळ बाजूला ठेवून नाकाकडे लक्ष द्यायला लावणारी ही दोन पाने मला संपूर्ण संचाच्या मोलाची वाटतात. मनाची एकाग्रता हा शब्द आपण फार सैल वापरतो, पण दुसऱ्या वासाची वाट पाहत भांड्यावर वाकलेल्या माणसाचे मन खरोखरच दुसरीकडे जाऊ शकत नाही.

आता औषधाच्या बाजूकडे वळते. हळदीबरोबर मिरी आणि स्निग्ध पदार्थ घ्यावा, हा पुस्तिकेतील सल्ला रास्त आहे. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते, आणि शरीर ते फार वेगाने बाहेर टाकते. मिरीतले पिपेरिन हा वेग कमी करते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरिन दिल्यावर माणसांच्या शरीरात कर्क्युमिनची उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. पुस्तिकेने हा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला आहे, पण त्यामागचे प्रमाण सांगितलेले नाही. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते असे धरले, तर २ ग्रॅम कर्क्युमिनसाठी सुमारे ६५ ग्रॅम हळद लागेल. लहान चमचाभर हळद जेमतेम ३ ग्रॅम भरते. म्हणजे प्रयोगशाळेतली मात्रा आणि भाजीतली चिमूट यांत फार मोठे अंतर आहे. हे अंतर वाचकाला सांगितले असते तर हळदीचे महत्त्व मुळीच कमी झाले नसते. रोजच्या जेवणातली थोडी हळद निर्धोक आहे, तिची सवय पिढ्यान्‌पिढ्या माणसांना आहे आणि तिचा रंग, वास व चव यांसाठी ती घालणे पुरेसे सार्थ आहे. गोळ्यांमधून मोठ्या मात्रेने कर्क्युमिन घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. शिवाय पिपेरिन कर्क्युमिनप्रमाणेच काही औषधांचाही शरीरातला मुक्काम लांबवू शकते. रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हळद-मिरीचे मोठे डोस घेऊ नयेत, हे एक वाक्य त्या पानावर असायलाच हवे होते.

त्याच प्रकरणात अख्खे हळकुंड म्हणजे शुद्धतेची हमी असेही विधान आहे, आणि ते चुकीचे आहे. २०१९ मध्ये बांगलादेशातील हळदीवर प्रसिद्ध झालेल्या संशोधनात शिशाचे क्रोमेट हे विषारी पिवळे रसायन अख्ख्या कंदांना झळाळी आणण्यासाठीच चोळले जात असल्याचे समोर आले होते. पुढे तेथे प्रशासनाने कडक कारवाई केली आणि २०२१ पर्यंत बाजारातील नमुन्यांत ही भेसळ आढळेनाशी झाली. ही गोष्ट दिलासा देणारी आहे, पण तिच्यातून निघणारा धडा स्पष्ट आहे: शिसे डोळ्यांनी दिसत नाही आणि कुटून वेगळे होत नाही. संचातील प्रत्येक बरणीवर बॅच क्रमांक आहे, मात्र जड धातूंच्या तपासणीचा अहवाल कुठेही उपलब्ध नाही. आरोग्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूकडून ही अपेक्षा ठेवणे मला मुळीच अवास्तव वाटत नाही.

सुंठीचे प्रकरण याउलट फार समाधानकारक आहे. आयुर्वेद आणि चिनी वैद्यक या दोन्ही परंपरांनी ओले आले आणि सुंठ यांना दोन वेगळी द्रव्ये मानले, त्यांचे उपयोग वेगळे सांगितले, आणि आधुनिक रसायनशास्त्राला या भेदाचे एक कारण सापडले आहे. ओल्या आल्यातले जिंजेरॉल वाळताना आणि तापताना काही अंशी शोगाओलमध्ये बदलते आणि शोगाओल अधिक तिखट असते. आले शिजवले की त्यातून झिंजरोन हे सौम्य, गोडसर वासाचे द्रव्यही तयार होते. हे एकदा समजले की आले केव्हा घालायचे हा निर्णय सवयीने घ्यावा लागत नाही. तिखट ठसका हवा असेल तर सुंठ, ताजेपणा हवा असेल तर शेवटी किसलेले आले, आणि मऊ, खोलवर मुरलेली चव हवी असेल तर सुरुवातीपासून शिजवलेले आले, असा विचार करता येतो. मळमळीवर आल्याचा उपयोग होतो, याला विशेषतः गरोदरपणातील मळमळीच्या बाबतीत बऱ्यापैकी आधार आहे. पुस्तिकेने येथे दावा मर्यादित ठेवला आहे आणि गरोदर स्त्रियांनी प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे असेही म्हटले आहे. बाकीची प्रकरणे याच हाताने लिहिली गेली असती तर किती बरे झाले असते, असे राहून राहून वाटते.

घरात आई तापातून उठत होती त्या दिवसांत मी या प्रकरणातील भाज्यांचे पातळ सूप केले. तिच्या तोंडाला चव नव्हती आणि ताटाकडे पाहूनच ती मान वळवत असे. आल्याचे काप पाण्यात मंद उकळत ठेवले, भाज्या मऊ झाल्यावर गाळून घेतले आणि वाटीत ओतल्यावर वरून ताजी कुटलेली मिरी घातली. वाफ तिच्या चेहऱ्याकडे गेली तेव्हा तिने आधी डोळे मिटून वास घेतला, मग चमचा उचलला आणि वाटी संपल्यावर ती पुन्हा माझ्यापुढे केली. सुपाने ताप गेला असे मी म्हणणार नाही, तो आधीच उतरला होता. पण आजारातून उठणाऱ्या माणसाला जेवावेसे वाटणे ही फार मोठी गोष्ट असते, आणि ती घडवून आणण्याचे सामर्थ्य सुगंधात आहे. या जिन्नसांना परंपरेने जे स्थान दिले त्याचे मर्म मला तरी येथे अधिक दिसते.

दालचिनीबद्दल तक्रार आहे. बरणीवर नुसते ‘दालचिनी’ असे लिहिले आहे. आत निघाली ती जाड, कठीण, दोन्ही कडांकडून आत वळलेली एकपदरी साल, म्हणजे कॅशिया ही दालचिनीची वेगळी जात. सिलोन दालचिनीची नळी कागदाच्या सुरळीप्रमाणे अनेक पातळ पापुद्र्यांची असते आणि बोटांनी सहज चुरडते. हा फरक केवळ चवीचा नाही. कॅशियात कूमारिन हे नैसर्गिक रसायन बरेच असते, सिलोन दालचिनीत ते अत्यल्प असते, आणि कूमारिन जास्त प्रमाणात सतत घेतले तर संवेदनशील व्यक्तींच्या यकृताला त्रास होऊ शकतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याची सुरक्षित मर्यादा दर किलो वजनामागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅम ठरवलेली आहे. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला ती मर्यादा गाठायला साधारण २ ग्रॅम कॅशिया पुरे होते. अधूनमधून भातात एखादा तुकडा टाकणाऱ्याने चिंता करण्याचे काहीच कारण नाही. पण पुस्तिका रोज सकाळी चमचाभर दालचिनीची पूड कोमट पाण्यातून घ्यायला सांगते, आणि त्याच पुस्तिकेसोबत येणारी बरणी कॅशियाची आहे. हे दोन्ही एकत्र खपवून घेण्यासारखे नाही.

ज्येष्ठमधाच्या बाबतीत निष्काळजीपणा अधिक गंभीर आहे. त्यातले ग्लायसिरायझिन साखरेच्या कितीतरी पट गोड असते, म्हणून साखरेऐवजी दिवसभराच्या चहात ज्येष्ठमध घालण्याची शिफारस येथे केलेली आहे. हेच द्रव्य शरीरातील कॉर्टिसॉल हे संप्रेरक निष्क्रिय करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) अडवते. परिणामी शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते, पोटॅशियम गमावते आणि रक्तदाब वाढतो. रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी त्यापासून दूर राहावे, असे स्पष्टपणे सांगणे आवश्यक होते. साखर कमी करायला निघालेल्या वाचकांत रक्तदाबाचे रुग्ण बरेच असणार, हे लेखकाच्या लक्षात यायला हवे होते. सुपात किंवा काढ्यात कधीतरी लहानसा तुकडा उकळला तर त्याची गोडी जिभेवर रेंगाळते आणि घशाला बरे वाटते. मी तो तसाच वापरते.

मेथी आणि जवस यांची प्रकरणे आटोपशीर आहेत आणि त्यांत खटकणारे फारसे नाही. मेथी हलकी भाजली की कडूपणाच्या आडून खरपूस गोडवा येतो, जरा जास्त भाजली की निव्वळ कडू होते. मधुमेहाची औषधे चालू असतील तर मेथीच्या मोठ्या प्रमाणाने साखर अधिक उतरू शकते, ही सूचना दिलेली आहे. जवस अख्खे गिळले तर टणक सालीमुळे बरेचसे तसेच बाहेर पडतात, म्हणून ते कुटावेत, पण कुटल्यावर त्यांतले तेल लवकर खवट होते, म्हणून लागेल तेवढेच कुटावेत, हेही बरोबर सांगितले आहे.

लसूण संचात नसला तरी पुस्तिकेत त्याच्यासाठी चार पाने आहेत, आणि त्यांतील एक कृती उत्पादकाने तातडीने मागे घ्यायला हवी. सोललेल्या कच्च्या लसणाच्या पाकळ्या तेलात बुडवून बरणी ओट्यावर काही आठवडे मुरत ठेवावी, असे तेथे लिहिले आहे. लसूण जमिनीत वाढतो, त्याच्यावर बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा घडवणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, आणि तेलाखाली त्यांना प्राणवायूविरहित, कमी आम्लाची, उबदार जागा मिळते. तयार होणाऱ्या विषाला वास नसतो, चव नसते, आणि ते प्राणघातक ठरू शकते. असे तेल घरी करायचेच असेल तर ते फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावे. त्याच प्रकरणात लसूण ठेचून लगेच कडकडीत तेलात टाकण्यास सांगितले आहे. लसणाचा उग्र वास आणि त्याचे बरेचसे गुण ज्या ॲलिसिनमुळे येतात, ते अख्ख्या पाकळीत नसते. पाकळी ठेचली की एक विकर कामाला लागते आणि ॲलिसिन तयार होते. उष्णतेने ते विकर निकामी होते. म्हणून ठेचलेला लसूण सुमारे १० मिनिटे तसाच राहू द्यावा आणि मग आचेवर घालावा. ज्या संचाचा सारा भर संथपणावर आहे, त्याने ही थांबण्याची संधी कशी गमावली, याचे मला आश्चर्य वाटते.

शेवटच्या पानांवर प्रत्येक जिन्नसापुढे रोगांची यादी दिली आहे. सांधेदुखी, मधुमेह, दमा, निद्रानाश असे सर्व काही तेथे ‘मुळापासून’ जाते. ही पाने मी पुस्तिकेतून कापून काढली आणि मगच पुस्तिका शेजारच्या काकूंना वाचायला दिली, कारण त्यांची साखरेची गोळी चालू आहे आणि छापलेल्या शब्दावर त्यांचा विश्वास आहे. चालू औषध बंद करू नये, असे एकही वाक्य त्या यादीभोवती नाही. स्वयंपाकाला साधना मानणाऱ्या व्यक्तीने आपल्या वाढपाची जबाबदारीही तितक्याच मनापासून घ्यावी, अशी माझी या लेखकाकडून अपेक्षा आहे, आणि बडीशेपेवरची पाने वाचल्यावर तो ते करू शकेल असा विश्वासही वाटतो.

एवढे सारे लिहूनही हा संच घ्यावा असे मी म्हणेन, विशेषतः ज्यांनी आजवर मसाले फक्त पुड्यांतून ओळखले आहेत त्यांनी. खल अनेक वर्षे टिकेल. हळकुंडे, सुंठ, मिरी आणि बडीशेप यांचा दर्जा चांगला आहे. काचेच्या बरण्यांची झाकणे घट्ट बसतात, फक्त काच पारदर्शक असल्याने त्या उघड्या फळीवर न ठेवता बंद कपाटात ठेवाव्या लागतात, कारण उजेडाने रंग आणि सुगंध दोन्ही उतरतात. ज्यांच्या मनगटाला किंवा खांद्याला त्रास आहे त्यांना हळकुंड कुटणे झेपणार नाही. त्यांनी मिरी, बडीशेप आणि मेथी यांवरच समाधान मानावे.

बरण्या रिकाम्या झाल्यावर उत्पादक जी पाकिटे पाठवतो ती मात्र घेऊ नयेत. ती सर्व दळलेल्या स्वरूपात येतात, आणि मिरीसारख्या जिन्नसाचा सुगंध दळल्यानंतर झपाट्याने उडून जात असल्यामुळे खल बाजूला पडतो आणि संच घेण्याचे मुख्य कारणच उरत नाही. त्याऐवजी अख्खे जिन्नस खात्रीच्या ठिकाणाहून थोडे थोडे आणावेत, दालचिनी घेताना पापुद्रे पाहून सिलोनची घ्यावी, हळदीसाठी तपासणी अहवाल मागावा, आणि बरणीवर आणल्याचा महिना लिहून ठेवावा.